सूपभर कोंडा, तीन सुया

मंगळवार, १२ डिसेंबर १९७८. सकाळी सव्वानऊ.

हजर: मी. माझ्या हाताखालची नवी सिस्टर. बर्फाचा थर्मास सांभाळणारे शिपाईमामा. गल्लीच्या तोंडाशी चहा विकणारी अक्का, कारण तिच्या शेगडीवर आमच्या सुया उकळत होत्या. नऊ मुलं, आयांसकट.

गैरहजर: डॉक्टर (ताप). दहावं मूल (घराला कुलूप).

वहीत एवढंच आहे, आणि हे अक्षर माझंच आहे. गेल्या हिवाळ्यातलं बाकी सगळं मात्र मला पाण्याच्या तळाशी पडलेल्या वस्तूंसारखं आठवतं. रंग दिसतात, कडा हलतात. एक कारण असं की मलाही त्या दिवसांत अंगात बारीक ताप असायचा आणि मी तो कोणाला सांगत नव्हते. दुसरं कारण ती गल्लीच तशी होती. सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, जिथे प्रत्येक घराच्या पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत संसार, तिथे दिवसभर खटखट चाललेली असते. पहिली दहा मिनिटं ती कानाला लागते. मग ती ऐकू येईनाशी होते आणि माणसं नुसते ओठ हलवताना दिसतात. रंगवलेल्या सुताच्या लडी बांबूंवर वाळत असतात, त्यांच्यातून ऊन खाली येतं ते कधी लाल, कधी हिरवं. हवेत कापसाचे बारीक तंतू तरंगत असतात. ते वर जात नाहीत, खालीही बसत नाहीत. मुलांच्या केसांवर, दुपट्यांवर, माझ्या वहीच्या उघड्या पानावर येऊन टेकतात, आणि फुंकर मारली की पुन्हा निघतात.

मी त्रिगुणी लशीच्या याद्या ठेवत होते. डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात, अशा तिन्हींवरची एकच लस, महिन्या-महिन्याच्या अंतराने तीन सुया. तिन्ही झाल्या तर खरा उपयोग. एका सुईवर भरवसा ठेवता येत नाही, हे आम्ही आयांना घोकून घोकून सांगायचो. लशीच्या एका बाटलीत दहा मुलांपुरती लस. बाटली एकदा उघडली की त्याच दिवशी संपवायची, उरली तर फेकायची. त्यामुळे माझं अर्धं काम सुईचं आणि अर्धं काम दहाचा आकडा जमवण्याचं.

माझी पद्धत अशी होती. सुई झाली की निळी शाई. मुलाला ताप असेल, आई तयार नसेल, तर पेन्सिलीने 'नंतर'. कुटुंब गल्ली सोडून गेलं तर लाल रेघ. पेन्सिल खोडता येते, म्हणून पेन्सिलीतली मुलं माझ्या डोक्यात राहायची. लाल रेघ मारली की मी ते नाव विसरायची, कारण ते काम संपलं. माझ्या मुली कॉलेजात आहेत. त्या घरी मला चिडवतात, "आई, आमची नावं कुठल्या शाईत आहेत?"

"पेन्सिलीत. वागणूक पाहून ठरवीन."

गेल्या वर्षी तापाची साथ शहरात दुसऱ्यांदा आली होती. पावसाळ्यात एकदा येऊन गेली. दिवाळीनंतर थंडी पडली तशी परत आली. डॉक्टर म्हणायचे, हा विषाणू असाच, गेला म्हणावं तर दुसऱ्या दाराने येतो, आणि त्याच्यासाठी आपल्याकडे सुई नाही. अंग दुखायचं, नाक वाहायचं, चार दिवसांत माणूस उठायचा. लहान मुलं जरा उशिरा उठायची. पण माझ्या कामाचा त्या तापाने पार विचका केला. नोव्हेंबरात आम्ही पहिली सुई दिली, आणि आठ-दहा दिवसांनी त्याच मुलांना साथीचा ताप आला. आया म्हणाल्या, सुईनेच आला. मी म्हणायची, अहो, तुमच्या सासऱ्यांना कुठे सुई दिली होती? त्यांनाही आलाच की. त्या हसायच्या आणि दार पुढे लोटायच्या. डिसेंबरात त्या गल्लीत आणि शेजारच्या दोन गल्ल्यांत मिळून पेन्सिलीची नावं वाढत गेली, आणि हाती राहिली ती दहा.

त्या दहांतलं दहावं मूल एका म्हाताऱ्या नानीच्या घरचं होतं.

नोव्हेंबरात यादी करत फिरताना मी आधी तिच्या समोरच्या घरात गेले होते. एक तरुण बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. नवरा मागावर. दोरीवर चार-पाच लंगोट वाळत होते. मी विचारलं, "बाळ केवढं आहे?"

"आमच्यात बाळ नाय, बाई."

"मग हे लंगोट?"

"नानीचे," ती म्हणाली, आणि हनुवटीने समोरचं घर दाखवलं.

नानी उंबऱ्यात बसली होती, आणि तिच्या मांडीवर तीन महिन्यांची मुलगी. काळीसावळी, टपोऱ्या डोळ्यांची, हवेतले कापसाचे तंतू मुठीत पकडायला बघणारी.

"कोणाची हो ही?"

"मेरी है. लिखो, मेरे नाम पे लिखो."

मी समजले, नात असेल. पालकाच्या रकान्यात नानीचं नाव लिहिलं. सुई दिली तेव्हा मुलगी नानीच्या मांडीवरच होती. समोरची बाई तेवढ्यात दारात येऊन उभी राहिली आणि सुई टोचताना तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. ते मी पाहिलं. पण तशा गोष्टीला माझ्या वहीत रकाना नव्हता.

आणि बारा डिसेंबरला नानीच्या दाराला कुलूप. शेजारच्या कारखान्यातल्या कोणीतरी सांगितलं, अक्कलकोटला गेली लेकीकडे, कधी येईल काही नेम नाही. मी लाल पेन काढलं, पट्टी ठेवून रेघ ओढली. नऊ मुलांना सुया झाल्या. बाटलीत एका मुलाची लस उरली. दुपारी बारा वाजता शिपाईमामांनी ती ओतून टाकली.

"येक पोर कमी पडलं की बाई," ते म्हणाले.

"हो. गाव सोडून गेलं."

आठवड्याने चहावाल्या अक्काचा नातू खोकायला लागला. डांग्या खोकला एकदा ऐकला की पुन्हा ओळखायला डॉक्टर लागत नाही. खोकल्याची माळ लागते, पोराचा चेहरा जांभळा होतो, आणि मग श्वास आत ओढताना तो लांब आवाज. मोठं मूल त्यातून निघतं. पाच-सहा महिन्यांच्या आतलं पोर कित्येकदा निघत नाही. मी अक्काला नातवाला वेगळं ठेवायला सांगितलं. तिने चहाची शेगडी दाखवली आणि विचारलं, "कुठं ठेवू, ह्या चुलीखाली?" एका खोलीत सहा माणसं होती. बरोबरच होतं तिचं.

मी दारोदार निघाले. तेवढ्यात वीज गेली.

वीज जाते तेव्हा ती गल्ली कशी होते हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळणार नाही. एक एक माग थांबतो, शेवटचा धोटा कुठेतरी आपटतो, आणि मग एकदम इतकी शांतता पसरते की आपण पाण्यातून वर आलो असं वाटतं. लडींमधून पडलेलं लाल ऊन तसंच. कापूस तसाच तरंगत. आणि त्या शांततेत मला तान्हं मूल रडताना ऐकू आलं. नानीच्या समोरच्या घरातून.

मी आत गेले. पातळाची झोळी, झोळीत तीच मुलगी. टपोरे डोळे, मुठी उघडझाप. त्या क्षणी मला बाटलीतून ओतून टाकलेली लस आठवली. मुलगी तेव्हा इथेच होती, सुईपासून पंधरा पावलांवर, आणि मी पट्टी ठेवून तिच्यावर लाल रेघ मारत होते.

"ही नानीची ना?" मी विचारलं.

"व्हय. नानीचीच."

"मग नानी कुठे आहे?"

"लेकीकडे. ताप भरला लई, लेक येऊन घेऊन गेली."

"आणि मुलगी इथे टाकून गेली?"

ती विडीच्या पानाला कात्री लावत राहिली. मग म्हणाली, "दूध मी पाजते."

बाहेर आल्यावर अक्काने मला सगळं सांगितलं, चहा गाळता गाळता, जसं काही भाजीचा भाव सांगावा. त्या बाईची आधीची दोन मुलं गेली होती. दोन्ही तान्हीच, दोन्ही थंडीत, दोन्ही खोकल्याने. तिसरी झाली तेव्हा सुईणीने नाळ कापल्याबरोबर नानीने सूपभर कोंडा आईच्या पुढ्यात ठेवला आणि मुलगी उचलून घेतली. विकत घेतली. गल्लीत सगळ्यांच्या साक्षीने. म्हणजे ज्याने पहिली दोन नेली तो तिसरीसाठी आला तर त्याने पाहावं, या घरात मूलच नाही. आई दूध पाजेल, न्हाऊ घालेल, रात्र रात्र जागेल. पण माझी म्हणणार नाही.

मला ही रीत माहीत नव्हती असं नाही. आमच्याकडेही एक चुलते कोंड्यावर घेतलेले होते आणि ते चांगले सत्तर वर्षं जगले. पण माहीत असणं वेगळं आणि यादी करताना ध्यानात येणं वेगळं.

मी परत आत गेले. मुद्देसूद बोलले. एक, खोकला गल्लीत शिरलाय. दोन, हिची एकच सुई झालीय. तीन, पुढच्या मंगळवारी मी काही करून बाटली उघडायला लावते. चार, तू फक्त हिला घेऊन दारापर्यंत ये.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "विकलेल्या पोरीला मी कशी आणू? नानीची हाय ती. नानीने आणली तर आणली."

"नानी आजारी आहे. तोवर खोकला थांबणार आहे का?"

"बाई," तिने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं, "त्या दोघांची नावं मी लिहून दिलती. तुमच्यासारखीच आलती एक बाई, वही घेऊन. माझी म्हणून लिहून दिलती."

मी वही मिटली.

डॉक्टर तापातून नुकतेच उठले होते, शाल पांघरून टेबलाशी बसले होते. मी म्हटलं, मंगळवारी जास्तीची बाटली हवी. ते म्हणाले, एका मुलासाठी? मी म्हटलं, दहा मुलांसाठी. पेन्सिलीतली बरीच मुलं आता तापातून उठलीत, त्यांतली नऊ मी आणते.

"आणि दहावं?"

"तेही आणते."

"नऊच झाली तर बाटली वाया जाईल, बाई. मागच्या वेळीही एक उरली."

"ती माझ्यामुळे उरली," मी म्हटलं, आणि का ते सांगितलं. डॉक्टरांनी शाल जरा वर ओढली आणि चिठ्ठी लिहून दिली.

रविवारी मी अक्कलकोटची एसटी पकडली. त्या प्रवासाचं मला नीट काही सांगता येणार नाही. अंगात कणकण होती, खिडकीतून गार वारा येत होता, आणि बाहेर ज्वारीची उभी रानं एकसारखी मागे जात होती, जणू गाडी थांबलेली आहे आणि शेतंच कुठेतरी निघालीत. शेजारच्या दोघी बायका कानडीत बोलत होत्या. मला कानडी अर्धवट कळतं. शब्द ओळखीचे वाटायचे आणि हातात येईपर्यंत निसटायचे. मध्येच माझा डोळा लागला. स्वप्नात मी गल्लीत उभी होते, मागांवर कापडाऐवजी माझ्या याद्या विणल्या जात होत्या, लांबच लांब, आणि प्रत्येक नावाच्या जागी नुसता पांढरा तुकडा. मी विणकराला विचारत होते, नावं कुठायत? तो ओठ हलवत होता आणि मागाच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. जाग आली तेव्हा गाडी स्टँडात शिरत होती आणि एक कानडी बाई माझ्या मांडीवरून घसरलेली वही धरून बसली होती.

नानीच्या लेकीचं घर शोधायला वेळ लागला नाही. अंगणात बाजेवर, उन्हात, गोधडीत गुंडाळून नानी पडली होती. अर्ध्यावर आली होती बिचारी. मला बघून उठायला लागली.

"क्या बाई, इत्ती दूर? मेरेकू सुई देने आये क्या?"

"तुला नको. तुझ्या मुलीला द्यायचीय."

मी सगळं सांगितलं. अक्काच्या नातवाचं सांगितलं तेव्हा तिने गोधडी बाजूला सारली. मग खोकत म्हणाली, "मेरेसे तो अब उठना बी नै होता. बस में कैसा बैठूं?"

"नुसतं सांग, की दे म्हणून. मी जाऊन तिला सांगते."

"बोलने से नै मानती वो. मैं जानती उसकू." ती डोळे मिटून पडून राहिली. मला वाटलं झोपली. अंगणात एक कोंबडी माझ्या चपलेपाशी येऊन थांबली. मग नानी डोळे न उघडताच म्हणाली, "तू लेती क्या?"

"काय?"

"पोट्टी. मैं तेरेकू देती. फिर तेरी हुई. तेरी पोट्टीकू तू सुई दे, नै तो कुछ बी कर."

तिची लेक दारात उभी होती, ती हसायला लागली. मी हसले नाही. मी मनात पाहिलं, अडचण कुठे आहे. अडचण कुठेच नव्हती. फक्त माझ्याकडे कोंडा नव्हता. लेकीने आतून सुपात कोंडा आणला आणि माझ्या हाती दिला. मी तो नानीपुढे ठेवला. नानीने त्यात हात घातला, चाळवला, बरा आहे म्हणाली, आणि सूप लेकीच्या हाती धरायला दिलं. शेजारच्या एका म्हातारीला कुंपणावरून हाक मारून साक्षीला घेतलं. आणि मग दोन्ही मुठी भरून तिने तो कोंडा माझ्या पदरावर चोळला.

"झटक नक्को. वैसेच जा. वो देखेगी."

मला साडीवर शाईचा ठिपका चालत नाही. त्या दिवशी मी पदरभर कोंडा घेऊन एसटीत बसले. कंडक्टरने तिकीट देताना पदराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

दिवेलागणीला मी गल्लीत पोचले. माग चालू होते. ती दारातच होती, मुलीला खांद्यावर घेऊन. मी काही बोलायच्या आधीच तिची नजर पदरावर गेली. ती जवळ आली. दोन बोटांनी कोंडा चिमटीत धरला, चुरून पाहिला, वास घेतला. मागांच्या आवाजात ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. पण तिने मुलीला खांद्यावरून उतरवलं आणि माझ्या हातात दिलं. गरम, दुधाच्या वासाची, जड. चार महिन्यांच्या मानाने चांगली जड होती. मुलीने माझ्या पदरावरचा कोंडा मुठीत धरला आणि तोंडात घालायला गेली. तेव्हा तिची आई, म्हणजे ती, चटकन पुढे झाली आणि मुठीतून कोंडा काढून घेतला. मग एकदम मागे सरली.

"रात्री माझ्याजवळच राहू द्या," ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली. "दुधाची हाय अजून. मंगळवारी तुम्ही येऊन घेऊन जा."

मंगळवार, २६ डिसेंबर. नऊ मुलं पेन्सिलीतली, दहावी ही. मी अक्काच्या बाकावर मुलीला मांडीवर घेऊन बसले. वही सिस्टरच्या हातात दिली होती, आणि ती नोकरीत पहिल्यांदाच नावं लिहीत होती.

"ताई, पालक कोण लिहू?"

मी माझं नाव सांगितलं.

तिने वर पाहिलं. "ताई, खरंच?"

"लिही. आणि नवीन ओळीवर लिही, लाल रेघेच्या खाली नको."

शिपाईमामा थर्मासाचं झाकण धरून उभे होते. म्हणाले, "पेढं कवा देताय?"

समोरच्या दारात ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. सुई टोचल्यावर मुलगी रडली, आणि त्या बाईची पाठ हलली की काय असं मला वाटलं. पण हललं ते लडींमधून पडलेलं ऊन असेल. बाटली रिकामी झाली. या वेळी मामांना ओतून टाकायला काही उरलं नाही.

घरी मुलींना सांगितलं तेव्हा धाकटी म्हणाली, "म्हणजे आता वाटण्या तीन?"

खोकला गल्लीत महिनाभर राहिला. तीन-चार घरांत गेला. मी रोज दवाखान्यात जाताना वाट वाकडी करून तिकडून जायची. माझ्या मुलीलाही खोकला झाला. हो, मी वहीत तसंच लिहिते, दुसरं काही लिहिता येत नाही. आठ दिवस खोकली. मी तिच्या झोळीपाशी उभी राहून ऐकायची, मागांच्या आवाजात, तिच्या छातीजवळ कान नेऊन. माळ लागते का, तो लांब आवाज येतो का. तो आला नाही. साधा खोकला होता, साथीचा. नवव्या दिवशी ती पुन्हा कापूस पकडू लागली.

तिसरी सुई २३ जानेवारीला होती. संक्रांतीला समोरची ती मुलीला घेऊन माहेरी गेली, तेलंगणात, आणि परत आली नाही. तिच्या आईला बरं नव्हतं, मग भावाचं लग्न निघालं, मग आणखी काही. नवरा इथेच आहे, रात्रपाळी करतो. त्याने मला गावाचं नाव आणि जवळच्या दवाखान्याचं गाव सांगितलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला तरी चालेल, पहिल्यापासून सुरू करायला नको, तिसरी तेवढी कधीही द्या. पण द्या. मी तिथल्या दवाखान्याला दोन कार्डं टाकली. उत्तर नाही. शिपाईमामांनी एक दिवस विचारलं, "बाई, तितं मराठी कोन वाचतंय?" खरंच की. इतकी वर्षं तेलुगू गल्लीत काम करून मला हे सुचलं नाही.

आता पाऊस लागलाय. तापाची साथ परत आलीय, तिसऱ्यांदा, आणि थंडीत खोकला येईल. तो इथेच येईल असं नाही, तिथेही येईल. गल्लीत तेलुगू शाळेतले एक निवृत्त मास्तर राहतात. ते पत्र लिहून द्यायला तयार आहेत. मी मजकूर मराठीत तयार करून घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

"मुलीचा पालक म्हणून तुमचं नाव आहे, बाई. त्या गावात हे नाव घेऊन तिला कोण शोधणार? आईचं नाव द्या."

"ते देता येत नाही."

"बापाचं?"

"तेही नाही."

त्यांनी कागद परत दिला. म्हणाले, ठरलं की या, दुपारी मी घरीच असतो.

नानी आता बरी होऊन आलीय. तिला विचारलं तर म्हणते, "तेरी है. तू सोच." मी विचार करतेय. मुलीच्या अंगावर काही खूण होती का, ते आठवून पाहतेय. डाव्या कानामागे तीळ असावा असं वाटतं, पण मी कान पाहिला तो खोकला ऐकताना, आणि त्या वेळी मला स्वतःलाच ताप होता. रात्रपाळी संपवून नवरा सकाळी घरी येतो. आईचं नाव न लिहिता मुलगी सापडेल असं काय लिहावं, हे त्यालाच विचारायला हवं, बेताने. तिसऱ्या सुईचा रकाना कोरा आहे. पत्राची पहिली ओळही.